एकोणचाळीस चिलखती स्वार

नॉटिंगहॅम
रविवार, ४ सप्टेंबर २००५

यशोधनभाऊजी,

काल संध्याकाळी तुमचा आणि तुमच्या मित्राचा फोन एक तास दहा मिनिटं चालला. मी स्वयंपाकघरात होते, दार लोटलेलं होतं, तरी उल्हासचा चढलेला आवाज ऐकू येत होता. मी बाहेर आले तर त्याने फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "काही नाही गं, कॅव्हलरीबद्दल डिस्कस करतोय." म्हणजे दोघांनी मिळून नियम मोडलात. पन्नाशी उलटली, पण शाळेच्या जिन्याखाली चिंचोक्यांच्या फौजा मांडून भांडायचात ती सवय काही गेली नाही. म्हणून नियम पुन्हा लिहून पाठवते. एक प्रत फ्रिजवर लावली आहे, ती उल्हाससाठी.

खेळ १८१२ च्या मोहिमेचा, नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा. उल्हास नेपोलियन, तुम्ही रशियन, मी पंच. नकाशा आमच्या वरच्या छोट्या खोलीत, किल्ली माझ्याकडे. उल्हासने जिना चढल्यावर डावीकडे वळायचं, उजवीकडे नाही. हुकूम हाताने लिहून, टपालाने. १८१२ साली ईमेल नव्हतं, फोनही नव्हता. फोनवर हवापाणी बोला, क्रिकेट बोला, मोहीम बोलायची नाही. पंधरा दिवसांनी एक पत्र, एक पत्र म्हणजे मोहिमेतला एक आठवडा. एकाचा हुकूम दुसऱ्याला कळता कामा नये. समोरच्याच्या टेहळ्यांना जेवढं दिसलं असतं तेवढंच मी त्याला सांगणार. आणि पंच सल्ला देत नाही, हुकमावर मत देत नाही. हुकूम आला की अंमलात आणतो, बस.

तुमचा मित्र डायनिंग टेबलावर माझ्यासमोर बसून हुकूम लिहितो, पाकीट चिकटवतो आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवतो. मी ते वर नेऊन उघडते. जानेवारीपासून या घरात असंच चाललंय आणि एकदाही चूक झालेली नाही. तीस वर्षं इथल्या पोरांना गणित शिकवलं, नियम कसे पाळायचे ते मला ठाऊक आहे.

आता पंच म्हणून नाही, वहिनी म्हणून विचारते. अठरा पत्रं झाली. मॉस्को हातचं गेलं. तुमचे ते बोटभर उंचीचे चाळीस चिलखती स्वार, जे तुम्ही भिंग लावून स्वतः रंगवलेत, ते अजून एकदाही लढले नाहीत. ते काय लग्नात मिरवायला ठेवलेत?

श्यामला

*

ब्रॅकनेल
बुधवार, १४ सप्टेंबर

प्रति,
पंचबाई, उजवीकडची खोली, नॉटिंगहॅम यांस.

फोनबद्दल माफी. विषय मी काढला होता, उल्हासला दोष देऊ नका. तो माझ्यावर ओरडत होता हे खरं, पण माझ्या भल्यासाठी.

हुकमाचा कागद सोबत वेगळा आहे. लंच अवरमध्ये लिहितोय, तेव्हा अक्षर समजून घ्या.

चिलखती स्वारांचं विचारलंत. वहिनी, हे घोडदळ म्हणजे उल्हासच्या हलक्या घोडदळासारखं नाही, की सकाळी इकडे धावलं आणि दुपारी तिकडे. मोठ्या हाडाचा घोडा, त्यावर उंच माणूस, अंगावर लोखंडी पत्रा. गुडघ्याला गुडघा लावून ओळ निघते ती आधी चालत, मग दुडकत, आणि शेवटच्या शंभर-दोनशे पावलांत धावत. एकदा निघाली की थांबवता येत नाही. आणि हल्ला संपला की घोडे संपलेले असतात. म्हणून सेनापती त्यांना मागे, टेकडीआड उभं करतो आणि दिवसभर वाट बघतो. कधी सोडायचे हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं. मला अजून कळलेलं नाही.

एक गंमत सांगतो. आधीच्या काळात या रशियन स्वारांना फक्त छातीचा पत्रा असायचा. पुढे जाणाऱ्याला पाठीचं काय काम, असा हिशेब. मग काही वर्षं चिलखतच गेलं, नुसता पांढरा कोट. १८१२ साली ते परत आलं तेव्हा मात्र पाठीलाही पत्रा आला. दोन्ही काळे रंगवलेले, कडेला लाल दोरी. ती दोरी रंगवताना मी एक केस उरलेला ब्रश वापरतो आणि श्वास धरतो. दोन पत्रे खांद्यावर आणि कमरेला पट्ट्यांनी बांधायचे. ते पट्टे ज्याचे त्याला लावता येत असतील का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं शेजारच्याने लावून द्यावे लागत असणार.

शिल्पा आणि वैभवी, माय-लेकी पुण्यात मजेत. वैभवीचं सेकंड इयर चालू झालं. इथे एकटा आहे, पण ऑफिसच इतकं आहे की एकटं वाटायला वेळ नाही.

यशोधन

*

नॉटिंगहॅम
२५ सप्टेंबर

यशोधनभाऊजी,

पंचाचा अहवाल सोबत आहे. तुमच्या टेहळ्यांना स्मोलेन्स्कच्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली. कोणत्या दिशेने ते धुक्यामुळे कळलं नाही. कुरकुर करू नका, फासे टाकले होते.

एक निरीक्षण. पूर्वी तुमची पत्रं रविवारची असायची. आता बुधवारची येतात, आणि शाई लायब्ररीत मिळते तसल्या स्वस्त पेनाची. कंपनीच्या वेळात रशिया चालवताय वाटतं. सांभाळा, साहेबाने पाहिलं तर थेट सैबेरियात बदली करेल.

दिवाळी पहिल्या तारखेला आहे, मंगळवार. सोमवारीच या. चकल्या मी करते, तुमच्या मित्राला कडबोळी वळायला बसवलंय. वरची खोली कुलूपबंद राहील, तुम्हालाही प्रवेश नाही. गेल्या वर्षी तुम्ही आला होतात तेव्हा उल्हास आठवडाभर गाणी म्हणत होता, ती शिक्षा मी पुन्हा भोगायला तयार आहे.

श्यामला

*

ब्रॅकनेल
बुधवार, १२ ऑक्टोबर

वहिनी,

दिवाळीला जमणार नाही. सॉफ्टवेअरचं एक मोठं रिलीज आहे, सगळ्यांची रजा बंद केली आहे. चकल्या पोस्टाने पाठवू नका, तुकडे होतात.

हुकूम इथेच लिहितो, वेगळा कागद उरला नाही. पहिली आणि दुसरी चिलखती डिव्हिजन यांनी आपलं जड सामान मागे पाठवावं. तंबू, भांडी, अधिकाऱ्यांच्या पेट्या, सगळं. जादा घोडे तोफखान्याला देऊन टाकावेत, त्यांना उपयोग आहे. शिधा पायदळाला द्यावा. फक्त अंगावरचं ठेवावं.

थंडीत मोठा घोडा आधी मरतो, हे तुम्हाला माहीत आहे का? शेतकऱ्याचं केसाळ तट्टू बर्फाखालचं गवत उकरून जगतं. मोठ्याला खायला जास्त लागतं, आणि मागायची सवय नसते. दिसायला मात्र शेवटपर्यंत तोच रुबाबदार.

प्स्कोव्ह रेजिमेंटचं वाचत होतो. ते साधे ड्रॅगून स्वार होते, चिलखत नव्हतंच. मोहिमेत फ्रेंच चिलखती स्वारांची चिलखतं हाती लागली, तीच त्यांना दिली आणि त्यांची चिलखती रेजिमेंट झाली. बाकी सगळे काळे, हे चकचकीत. मेलेल्या माणसाचं चिलखत. आतला घामाचा वास गेला असेल का हो? माझ्या खुर्चीवर उद्या पुण्याचा एखादा मुलगा बसला तर त्यालाही येईल का तसा वास?

असो. लंच अवर संपला.

यशोधन

*

नॉटिंगहॅम
२३ ऑक्टोबर

यशोधनभाऊजी,

हुकूम मिळाला, अंमलात आणला. सामान मागे गेलं, घोडे तोफखान्याला, शिधा पायदळाला.

पंचाने मत द्यायचं नसतं. पण मला बुद्दू समजू नका. हलकं होऊन, अंगावरचं तेवढं घेऊन, बर्फात अचानक कुठेतरी उगवायचं, असं काहीतरी तुमच्या डोक्यात शिजतंय. मी वरच्या खोलीत एकटीच हसले. उल्हासला कल्पनाही नाही. मी त्याला चकार शब्द सांगितलेला नाही आणि सांगणार नाही. "यशोधनने काय पाठवलं?" म्हणून तो दोनदा विचारून गेला, मी फ्रिजकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मूव्ह नको सांगू. नुसतं सांग, बरा वाटतो का?" मी म्हटलं, युक्त्या नकोत.

तो हल्ली शनिवारी पाच वाजल्यापासून फोनपाशी बसून असतो. तुम्ही उचललात की आवाज एकदम मोठा करतो. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

दिवाळीला येत नाही याचा मला राग आला आहे. तो मी राखून ठेवते, तुमच्या स्वारांसारखा.

श्यामला

*

ब्रॅकनेल
बुधवार, १६ नोव्हेंबर

प्रिय श्यामलावहिनी,

सोबतच्या पार्सलात दोन्ही चिलखती डिव्हिजन आहेत, पूर्ण चाळीस. कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात भरलेत. तलवारी उजव्या हातात आहेत, काढताना डावीकडून धरा, चटकन वाकतात.

हुकूम. राखीव घोडदळ मोहिमेतून काढून घेत आहे. त्यांना आता कुठे जायचं नाही. बाकी फौजेने माझ्या पुढच्या हुकमाची वाट बघू नये, तिथल्या तिथे थांबावं.

हे तुमच्याजवळच असू देत. माझ्याकडे नको. पुढेमागे वैभवीला हवे झाले तर तिला द्या. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून घोड्यांच्या शेपट्या रंगवायची, पाच-सहा घोडे तिच्याच हातचे आहेत. जांभळ्या शेपटीचा आहे तो मी मुद्दाम तसाच ठेवला.

उल्हासला काही सांगू नका. नियम आहेच.

दोघांनी माझं फार केलंत. तुमच्या अक्षरातलं पाकीट दारात पडलं की त्या दिवशी मी वेळेवर जेवायचो.

तुमचा,
यशोधन

*

नॉटिंगहॅम
२० नोव्हेंबर

यशोधनभाऊजी,

हुकूम मिळाला. अंमलात आणला. राखीव दल: शून्य.

स्वार काल पोचले, एकही तलवार वाकलेली नाही. जांभळी शेपटी सापडली. मात्र तुम्ही चाळीस लिहिलेत आणि खोक्यात एकोणचाळीस आहेत. मी तीनदा मोजले, कापूसही उलगडून पाहिला. पंच म्हणून नोंद करावी लागतेय: एक स्वार बेपत्ता, खुलासा अपेक्षित.

उल्हासला सांगितलेलं नाही. काल तुमच्याशी फोनवर बोलून तो खुशीत होता. म्हणाला, "आज किती दिवसांनी मोकळा हसला." मलाही बरं वाटलं.

श्यामला

*

नॉटिंगहॅम
रविवार, ४ डिसेंबर

यशोधनभाऊजी,

हे पत्र तुमच्या पत्त्यावर येतंय आणि दारातून ते बहुधा उल्हासच उचलेल, कारण आठ दिवस तो तुमच्याकडे ठाण मांडून बसला आहे. उल्हास, हे तुझं नाही, त्याला दे. आता चोरून काही राहिलेलं नाही म्हणा, पण तरी दे.

तोंडाने मला बोलता आलं नाही. त्या शनिवारी नाही, नंतर फोनवरही नाही. म्हणून लिहिते.

माझ्याकडून काय झालं ते आधी. तुम्ही मला पत्र लिहिलंत की सामान मागे पाठवतोय, घोडे देऊन टाकतोय, आता कुठे जायचं नाही, हे वैभवीला द्या, तुम्ही दोघांनी माझं फार केलंत. शाळेतल्या पोराने वहीत असं लिहिलं असतं तर मी त्याच क्षणी हेडकडे धावले असते, तसं ट्रेनिंग मला दिलं होतं. आणि तुम्हाला मी काय लिहिलं? हुकूम मिळाला, अंमलात आणला, राखीव दल शून्य. ते वाक्य मला रोज दिसतं. मला स्वतःची लाज वाटते भाऊजी, आणि ती तुम्ही बोलून घालवू नका.

मला जाग आली ती शहाणपणाने नाही, खोडीने. खुलासा आला नाही म्हणून शनिवारी दुपारी मी तुम्हाला फोन लावला. फोनवर हुकूम बोलायचा नाही, पण बेपत्ता स्वार हा हुकूम नव्हे, सामान आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. नंबर बंद होता. बिघडलेला नव्हे, काढून टाकलेला. मी खोक्याकडे बघितलं. मग खाली गेले आणि जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. उल्हासला म्हटलं, "यशोधनने राखीव दल काढून घेतलं. खोकं माझ्याकडे पाठवून दिलंय, वैभवीसाठी."

उल्हासने आधी गाडीची किल्ली उचलली. मग त्याने सांगितलं. एप्रिलमध्ये तुमची नोकरी गेली. तुमचं काम पुण्याच्या ऑफिसला गेलं आणि त्याआधी तिथल्या मुलांना तीन महिने तुम्हीच शिकवलंत. शिल्पाला माहीत नाही, वैभवीला माहीत नाही. रोज सकाळी टाय लावून तुम्ही लायब्ररीत जाऊन बसता. हे सगळं त्या सप्टेंबरातल्या फोनवर तुम्ही त्याला सांगितलंत आणि श्यामलाला कळू देणार नाहीस अशी शपथ घातलीत. तो शपथ पाळत बसला, वेड पांघरून पेडगावला गेला. त्याला वाटत होतं, खेळ चालू आहे ना, मग यशोधन ठीक आहे. त्याने महिनाभर आपली फौज मुद्दाम रेंगाळत ठेवली होती, तुम्ही हरू नये म्हणून. आणि मला वाटत होतं, त्याला नेपोलियन जमत नाही.

अर्धं त्याला माहीत, अर्धं मला. एका छताखाली, मध्ये तेरा पायऱ्यांचा जिना. आम्ही रोज एकमेकांसमोर बसून चहा प्यायलो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मी कसं पाहिलं ते ऐका. उल्हासने अडीच तास गाडी चालवली, वाटेत कुठेही थांबलो नाही. चार वाजता तुम्ही दार उघडलंत. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मागे घर इतकं आवरलेलं की तसं मी फक्त विकायला काढलेलं घर पाहिलंय. टेबलावर ओळीने पाच पाकिटं, त्यातल्या एकावर माझं नाव. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही कशा? पंच मैदानात येत नाहीत." मला रडू आलं, तुम्हाला आलं नाही. उल्हास बूट काढून आत गेला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "मी आजपासून इथेच राहतो. टूथब्रश आणला नाहीये, तुझा चालेल." तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात.

माझं पाकीट मी उघडलेलं नाही. उल्हास म्हणतो फाडून टाक. मी वरच्या खोलीत ठेवलंय. तुम्ही येऊन स्वतःच्या हाताने न्या.

डॉक्टरांकडे दर सोमवारी जायचं ते जा. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं अशी तक्रार केलीत म्हणे. पडू दे. शिल्पाला मी फोन केलेला नाही. तो तुमचा हुकूम आहे, पण या वेळी मी मत देणार: आधी वैभवीला करा.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. आम्ही तुमचे कोण होतो की आम्हाला कापसात गुंडाळून ठेवलंत?

श्यामला

*

ब्रॅकनेल
बुधवार, ४ जानेवारी २००६

वहिनी,

महिना लागला उत्तराला. पाच वेळा सुरुवात केली, पाच वेळा फाडलं. उल्हासने कचऱ्याच्या पेटीतून तुकडे काढून जुळवायचा प्रयत्न केला, मी पाहिलं. त्याला वाटलं मी झोपलोय.

खोटं बरं वाटतंय असं लिहिणार नाही. सकाळ सगळ्यात वाईट. टाय लावायचा नाही म्हटल्यावर हातांना काय काम द्यावं ते कळत नाही. त्या शनिवारी तुम्ही आलात, दुसऱ्या दिवशी आला असतात तर मी भेटलो नसतो. एवढंच लिहितो, कसं आणि काय ते विचारू नका. डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, त्या ऐकून घेतात आणि तोंड फिरवत नाहीत. कधीकधी वाटतं तुम्ही उगाच आलात. हेही त्यांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, असं वाटेल त्या दिवशी घरातल्या माणसाला मोठ्याने सांगायचं. मग मी सांगतो. उल्हास म्हणतो, "बरं, चहा टाकू?" आणि टाकतो. त्याच्या चहात साखर कधीच विरघळलेली नसते.

तुमचं ते वाक्य तुम्हाला रोज दिसतं म्हणता. वहिनी, ते मी मुद्दाम तुमच्याकडून काढून घेतलं होतं. मला कुणीतरी "ठीक आहे" म्हणायला हवं होतं, आणि विचारणार नाही असं जगात एकच माणूस होतं. तुमच्या नियमांचा मी आडोसा केला. लाज माझी आहे, निम्मी तरी मला परत द्या.

वैभवीला फोन केला. नाताळच्या दिवशी, धीर गोळा करून. सगळं नाही, पण नोकरीचं सांगितलं आणि तब्येतीचं सांगितलं. तिने विचारलं, "बाबा, मग रोज सकाळी तू कुठे जायचास?" म्हटलं, लायब्ररीत. ती म्हणाली, "माझं तिकडचं कार्ड अजून ड्रॉवरमध्ये असेल." आणि रडायला लागली. शिल्पाने फोन घेतला, "जेवतोस का?" एवढंच विचारलं. आमचं जे तुटलंय ते तुटलेलंच आहे. पण तिने विचारलं. वैभवी ईस्टरला येतेय.

आता तुमचा खुलासा. पंचांची नोंद बरोबर आहे, खोक्यात एकोणचाळीसच होते. तुम्हाला वाटत असेल मी एक आठवण म्हणून ठेवला. नाही. खोकं भरताना एका घोड्याचा पुढचा पाय निखळला. म्हटलं तुटका कसा पाठवायचा, म्हणून चिकटवून मागच्या खोलीच्या खिडकीत वाळत ठेवला आणि विसरलो. वहिनी, मी गॅसचं मीटर वाचून ठेवलं होतं. शेजारणीची शिडी परत केली होती. फोन काढला, दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं, कुणाला काही त्रास नको म्हणून एकेक गोष्ट आठवून आवरली. आणि हा बेटा खिडकीत राहिला. परवा उल्हास पडदा सरकवताना म्हणाला, "हा कोण इथे पहाऱ्यावर?" मी त्याला हातात घेतलं आणि तासभर रडलो. चाळीस म्हणजे चाळीस, असं म्हणणाऱ्या तुम्ही नसतात तर. पुढचं लिहवत नाही.

पाय पक्का चिकटलाय, जरा वाकडा. पाठीचे पट्टे रंगवायचे राहून गेले होते, ते आज रंगवले. माझा हात हलत होता म्हणून मनगट उल्हासने धरलं. त्याच्यामुळे एक पट्टा कोटावर गेलाय, तो तसाच ठेवतो.

सोबत हुकूम आहे. उल्हासने वाचलाय. नियम मोडला, नोंद करा.

हुकूम: चिलखती घोडदळ, एक स्वार. शनिवार, १४ जानेवारी, दुपारच्या गाडीने नॉटिंगहॅमला हजर होईल. टपालाने पाठवत नाही, खिशात घालून मी आणतो. माझं पाकीट मला परत हवंय. काही दिवस राहीन म्हणतो, किती ते माहीत नाही.

यशोधन

*

नॉटिंगहॅम
८ जानेवारी २००६

यशोधनभाऊजी,

हुकूम मिळाला.

अंमलात आणत नाही, मी स्वतः स्टेशनवर येते. गाडीची वेळ लिहायला विसरलात, तेव्हा बारापासून उभी राहीन.

वरची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. नकाशा खाली डायनिंग टेबलावर आणलाय, सगळ्यांना दिसेल असा. जेवायला आपण स्वयंपाकघरात बसू.

तुमची,
श्यामला